अत्तर आणि तेरा पायऱ्या

११ जानेवारी, रविवार

घोरण्यावरच्या नाकपट्ट्यांचं पाकीट आज कचऱ्यात टाकलं. दोन महिने रोज नाकावर पट्टी चिकटवून झोपलो, सगळं फुकट. मी घोरत नाही. म्हणजे घोरतो, पण मुद्दा तो नव्हता.

मुग्धाने आज खरं काय ते सांगितलं. ऑक्टोबरच्या तापानंतर तिला वास उलटेसुलटे येतात हे मला ठाऊक होतं. कांदा, लसूण, कॉफी, टूथपेस्टसुद्धा, सगळ्याला जळक्या रबराचा आणि सडक्या बटाट्याचा वास. म्हणून तर घरात फोडणी बंद, आणि ती दहीभात, गार पास्ता नि ब्रेडवर दिवस काढतेय. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कधी ते सांगता येत नाही. हे सगळं ठाऊक होतं. त्या यादीत मीही आहे हे ठाऊक नव्हतं. ती सामानाच्या छोट्या खोलीत, बॉक्सरूममध्ये, झोपायला गेली ती माझ्या घोरण्यामुळे नाही.

"तुला कसं सांगू कळत नव्हतं रे," म्हणाली आणि रडली. मी म्हटलं, त्यात काय, होतं असं कधीकधी. कुणाला होतं असं?

तिच्यावर राग नाही. पण अपमान वाटला. एकोणीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला आपला वास सडक्या बटाट्यासारखा येतो म्हटल्यावर माणूस काय करणार. आंघोळ करून आलो. दोनदा.

१३ जाने., मंगळ

एडिनबराची ऑफर आली. युनिव्हर्सिटीत दोन वर्षांचं पद, मु. ला हवं होतं तसंच. उत्तर २७ मार्चपर्यंत कळवायचंय.

मी लगेच म्हटलं, "माझं काम तर लॅपटॉपवर. इथे मिल्टन कीन्स काय नि तिथे एडिनबरा काय."

"बघू," म्हणाली.

पुण्याच्या माणसाचं 'बघू' म्हणजे काय ते मला लग्नानंतर तीन वर्षांनी कळलं. आम्ही नागपूरकर निदान तोंडावर नाही म्हणतो. ती एकटी जाईल अशी भीती वाटतेय. लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यात घिरट्या घालणार नाही.

१८ जाने., रवि

इथल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू, कम्युनिटी हॉलमध्ये. मु. मास्क लावून गेली. आत पावभाजी असणार म्हणून तिचा जीव खालीवर. मी कार पार्कमध्ये बसून होतो, केव्हाही पळून येईल म्हणून इंजिनही चालू.

पाऊण तासाने आली. मास्क नाही. उजवा पंजा नाकाशी धरलेला. पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसली. नोव्हेंबरपासून ती गाडीत मागे बसते, खिडकी उघडी टाकून. मला वाटायचं, पाय पसरायला. मला बरंच काही वाटायचं.

"श्री, हा वास खरा आहे," म्हणाली. "अत्तर लावलं दारात. मी नको म्हणणार होते. पण तो... नीट आला. जसा असतो तसा."

घरापर्यंत अकरा राउंडअबाउट. अकराही ती पुढच्या सीटवर होती.

१९ जाने., सोम

हळदीकुंकवाला अत्तर लावायचं काम दरवर्षी वृंदाताईंचं. त्यांना फोन केला. कुठलं अत्तर हो?

"अहो, ते होय. दोन बाटल्या संपत आल्या होत्या. म्हटलं, टाकून कशाला द्यायचं, एकीत एक ओतून टाकली."

कुठल्या दोन?

"आता ते कसं आठवणार? लेबलं कधीच निघाली होती. इल्फर्डहून आणलेल्या, परकारचाचांकडून, एवढं नक्की."

आणि ती बाटली? धुऊन, वाळवून तिच्यात केशर भरून ठेवलंय. हवंय का म्हणाल्या.

म्हणजे तीन महिन्यांत मु. ला जो एकमेव खरा वास आला, तो जगात पुन्हा कुठे नाही. कारण काय, तर आपल्याकडे काही टाकून देत नाहीत.

२४ जाने., शनि

इल्फर्ड. लंडनच्या पूर्व टोकाला, साडीच्या दुकानाच्या नि मोबाइल दुरुस्तीच्या मधल्या बोळकांडीएवढ्या जागेत परकारचाचांचं दुकान. वय सत्तरीचं, मूळचे रत्नागिरीकडचे, मराठी ऐकून खूश. सगळं सांगितलं, बायकोचं नाकसुद्धा. हसले नाहीत. त्याबद्दल मनात त्यांचे आभार मानले.

"पाहुणे, मिसळलेल्या दोन बाटल्या न हुंगता ओळखायच्या म्हणजे... माझ्याकडे चाळीस आहेत. पण हळदीकुंकवाला नेतात ती आठच."

आठ छोट्या कुप्या दिल्या. गुलाब, मोगरा, चंदन, वाळा, केवडा, हिना, माती, ऊद. वर सूचना. मनगटावर लावा, घासू नका, घासलं की अत्तर मेलं. दिवसाला एकच. वरून बॉडी स्प्रे मारलात तर परत येऊ नका.

"पहिली पाच मिनिटं बोलतं ते अत्तर. दोन तासांनी बोलतं ते तुमचं कातडं. घाई करू नका."

सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये चौदा वर्षं काढलीत. आठ कुप्या, एक कातडं, एक नाक. एवढं जमायला हवं.

२५ जाने., रवि

पद्धत ठरली. मु. ने ठरवली, आकडेवारीची माणूस आहे ती. आमच्या जिन्याला तेरा पायऱ्या. ती वर तेराव्या पायरीवर बसणार. मी मनगटावर अत्तर लावून दोन तास थांबायचं, मग खालून एकेक पायरी चढायची. तिने हात वर केला की थांबायचं. ती पायरी वहीत.

आधी काहीच न लावता. पायरी ३.

तीन. हॉलमध्ये उभा राहून मीटर रीडिंग घेणाऱ्या माणसालाही एवढं लांब ठेवत नाहीत.

२८ जाने., बुध

गुलाब. लावल्या लावल्या पानातल्या गुलकंदासारखा, छान ओला. अर्ध्या तासात त्याची गोडी उडाली, दोन तासांनी मंगल कार्यालयातल्या साबणाचा वास. मला. मु. ला काय आला माहीत नाही, पण पायरी २.

म्हणजे गुलाबाने होती ती पायरीही घालवली.

३१ जाने., शनि

मोगरा. पहिली दहा मिनिटं इतका गोड की लाजल्यासारखं झालं, मी एकटाच किचनमध्ये होतो तरी. मग तो हळूहळू दुसऱ्या दिवशीचा गजरा होत गेला. पायरी ४.

मु. म्हणाली, "मोगरा कळतोय. पण त्याच्यामागे तू आहेस." मग तिचं तिलाच कसंसं झालं. "सॉरी, तसं नाही म्हणायचं."

तसंच म्हणायचं होतं. खोटं बोलण्यापेक्षा बरं.

३ फेब्रु., मंगळ

चंदन. हे विचित्र. पंधरा मिनिटं काहीच नाही, चाचांनी नुसतं तेल दिलं असं वाटायला लागलं. मग कामात डोकं घातलं असताना आतून यायला लागलं, दुधावर साय धरते तसं, गुपचूप. संध्याकाळपर्यंत होतं. मला फार आवडलं. आरशात बघावंसं वाटलं.

पायरी ६. चंदनावर खूण केली.

५ फेब्रु., गुरु

चंदनाने चढून गेलो होतो, म्हणून आज ऊद. औषधाचा बोळा, नवी चामडी चप्पल आणि गोठा, तिन्ही एकदम. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवायच्या आत वरून आवाज, "श्री, तू गार्डनमध्ये जा."

गेलो. शेजारच्या पामने कुंपणावरून विचारलं, काही नवीन लावलंय का, मस्त आहे. कुणाचं काय नि कुणाचं काय.

८ फेब्रु., रवि

माती. याच्यावर माझी सगळी भिस्त होती. चाचा म्हणाले होते, हिला कुणी नाही म्हणत नाही. मलाही लावताक्षणी नवा माठ आठवला, त्यातलं पहिलं पाणी.

पायरी १. "तळघर," मु. म्हणाली. "पाणी शिरलेलं."

आज दोघेही जिन्याच्या दोन टोकांना बसून हसलो. बऱ्याच दिवसांनी. मी खाली, ती वर, आणि मध्ये बारा पायऱ्यांचं तळघर.

१२ फेब्रु., गुरु

चाचांनी कुप्यांबरोबर कापसाचे फाये दिले होते. वाळ्याचा फाया करून सवयीने कानाच्या पाळीच्या वर खोचला. बाबा दिवाळीला असाच खोचायचे. आणि विसरलो. दुपारच्या व्हिडिओ कॉलवर मॅनेजर हेलन शेवटी न राहवून म्हणाली, तुला ऐकू येत नसेल तर ऑफिसकडून सोय होते, संकोच करू नकोस. समजावून सांगायला गेलो. अत्तर, कापूस, कान. ती फार समजूतदारपणे मान हलवत होती. आता मी रेकॉर्डवर बहिरा असणार.

वाळा स्वतः उत्तम. थंड. नागपूरला कूलरच्या ताट्यांवर पाणी मारलं की यायचा तो. दोन तासांनीही बदलला नाही. माझ्या कातडीशी पटतं याचं. पायरी ५.

पाच. चंदन सहा, वाळा पाच. याच्यापुढे सरकत नाही. केवडा नि हिनाही परवा-तेरवा उरकले. ३ आणि ४. आठही झाले.

१५ फेब्रु., रवि

मु. ने जेवताना लॅपटॉपवर एडिनबराचे फ्लॅट काढले होते. ती किचनच्या टेबलावर, मी सोफ्यावर ताट घेऊन. फिल्टरमध्ये 'एक बेडरूम' दिसलं.  एक बेडरूम म्हणजे दोघांना पुरते तशी एकीलाही पुरते.

विचारायला हवं होतं. विचारलं नाही. 'बघू' ऐकायचं नव्हतं.

२१ फेब्रु., शनि

हे नीट लिहायला हवं.

सकाळी आंघोळ करत होतो, दारावर पार्सलवाला. मु. फोनवर असेल म्हणून टॉवेल गुंडाळून, वरून रोब अडकवून जिन्यावरून खाली धावलो. ती त्याच वेळी वर येत होती. सातव्या-आठव्या पायरीवर समोरासमोर. खांद्याला खांदा लागेल इतके. मी भिंतीला चिकटलो, श्वास धरला, जणू माझ्या श्वास धरण्याने काही होणार होतं.

ती पुढे गेली. दोन पायऱ्या चढून थांबली.

"काय लावलंयस?"

"काही नाही. साबण."

"मग आज... थांब. तुझा तो फ्लीस कुठंय?"

फ्लीस किचनच्या दाराशी हुकला टांगलेला होता. करडं, झिपवालं उबदार जॅकेट. नोव्हेंबरपासून रोज अंगात. धुतला कधी? फ्लीस कोण धुतं?

आणि मग डोक्यात प्रकाश पडला. मु. आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला जाते. त्या दिवशी मी माझ्यापुरती कांद्याची फोडणी करून घेतो. तिला त्रास नको म्हणून दारं-खिडक्या सताड उघडतो. खिडक्या उघडल्या की थंडी वाजते. थंडी वाजली की फ्लीस घालतो. घराला वास लागू नये म्हणून केलेला सगळा कांदा मी अंगावर घालून फिरत होतो. त्याच फ्लीसच्या बाहीतून हात बाहेर काढून त्यावर चंदन नि केवडा लावून जिना चढत होतो.

चौदा वर्षं टेस्टिंग. ज्युनिअर पोरांना सांगतो, आधी बघा काय बदललं नाही ते.

मु. ला सांगितलं. ती दहाव्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "म्हणजे मी तीन महिने तुझ्यावर नाही, फ्लीसवर वैतागले होते?"

तसं झालं तर किती बरं.

२२ फेब्रु., रवि

फ्लीस चॅरिटीच्या पिशवीत घालणार होतो, पण दुसऱ्याच्या बायकोचं काय? कचऱ्यात. सगळे कोट, जॅकेटं, स्वेटर धुऊन वरच्या कपाटात. किचनचं दार बंद. फोडणी कायमची बंद, वरण साधं.

काही न लावता, धुतलेल्या कपड्यांत. पायरी ७.

सगळा दोष फ्लीसचा नव्हता म्हणजे. सातच्या पुढे मी आहेच. जरा वाईट वाटलं. पण तीनचे सात झाले.

१ मार्च, रवि

ऊद सोडून सातही पुन्हा करून बघितली, आठवडाभर रोज एक, आज सकाळी शेवटचं. चंदन ९. वाळा १०. माती अजूनही तळघर.

मग वृंदाताईंची आठवण काढून दुपारी एका रिकाम्या कुपीत अर्धं चंदन, अर्धा वाळा ओतला. हातावर लावल्यावर आधी वाळ्याचा गारवा, आणि तासाभराने त्याच्याखालून चंदन हळूच वर. दोन माणसं एकाच पांघरुणात झोपल्यासारखं. हे मी मु. ला सांगितलं नाही.

पायरी १२.

ती हात वर करायला विसरली की काय म्हणून मी तसाच उभा. "तोच आहे का हळदीकुंकवाचा?" विचारलं.

"माहीत नाही. पण चालेल."

आज दोन महिन्यांनी आम्ही एका टेबलावर जेवलो. दहीभातच. मी उगाच तीनदा वाढून घेतला.

१० मार्च, मंगळ

मु. काल एडिनबराला गेली, डिपार्टमेंट बघायला. उद्या येणार. मिश्रणाची कुपी पर्समध्ये घेऊन गेली.

दुपारी फोन. "काल ट्रेनमध्ये समोरच्या बाईने एग सँडविच उघडलं. मेले म्हटलं. मग तुझी कुपी काढली, मनगटावर लावली आणि न्यूकॅसलपर्यंत नाकाला हात लावून बसले. बाईला वाटलं मी रडतेय. तिने मला टिश्यू दिला."

तुझी कुपी, म्हणाली. दिवसभर तेच डोक्यात. हातून काही काम झालं नाही.

१४ मार्च, शनि

एवढ्या उड्या मारायला नको होत्या.

संध्याकाळी विचारलंच. मी येऊ का एडिनबराला? तिने लॅपटॉप मिटला.

"तू येतोस तेव्हा वाळा येतो, चंदन येतं. ते मला आवडतं. त्याच्यामागे तू आहेस का, असलास तर मला सोसवतोस का, ते मला कळतच नाही, श्री. आणि बाटली तर मी एकटीही नेऊ शकते."

बरोबर आहे. बरोबर आहे म्हणूनच लागलं. चाचा पहिल्या दिवशी म्हणाले होते, दोन तासांनी बोलतं ते तुमचं कातडं. मी दीड महिना त्याला बोलूच दिलं नाही. पुन्हा पुन्हा लावत राहिलो.

कुपी बाथरूमच्या कपाटात ठेवली. कुलूप असतं तर लावलं असतं.

१९ मार्च, गुरु. पाडवा

पडद्याच्या दांड्याला गुढी, मागच्या गार्डनमध्ये. साखरेच्या गाठीच्या जागी मार्शमेलोची माळ, दरवर्षीप्रमाणे. पामने फोटो काढला. श्रीखंड मी केलं, वेलची न घालता. मु. ने दोन वाट्या खाल्ल्या.

पाच दिवस मी काहीच लावलं नाही, आणि जिन्यावरही गेलो नाही. ती वर असली की मी खाली. रुसलोय असं तिला वाटत असेल. रुसलोय थोडा. पण त्याहून जास्त, आकडा ऐकायची छाती होत नाही. सातचे पाच झाले असले तर?

तिने विचारलं, "वही कुठंय?" म्हटलं, असेल कुठेतरी.

२२ मार्च, रवि

सकाळी चहा टाकला होता. वरून हाक आली. बघतो तर ती तेराव्या पायरीवर बसलेली, मांडीवर वही. शोधून काढली म्हणजे.

"आज काही लावू नकोस," म्हणाली. "साबणसुद्धा बिनवासाचा लावलायस ना?"

"हो."

"मग ये."

चढलो. एक, दोन, तीन. तिसरीवर पाय जड झाला, जुन्या सवयीने. चार, पाच, सहा. तिचा हात मांडीवरच होता. सातवर मी स्वतःच थांबलो आणि वर बघितलं. ती म्हणाली, "थांब म्हटलं का मी?" आठ. नऊ.

हात वर झाला. नऊ.

मी तिथेच बसलो. सातवरून नऊ, वाईट नाही, पुढच्या महिन्यात परत बघू, असं काहीतरी बोलत होतो. माझं मलाच ऐकू येत नव्हतं, हेलनचं खरं व्हायची वेळ आली.

ती उठली. मला वाटलं, गेली आत. पण ती बारावर आली, मग अकरावर, आणि तिथे बसली. आमच्यामध्ये एक पायरी. डोळे मिटून तिने सावकाश श्वास घेतला. मी माझा धरून ठेवला होता.

"वास येतोय," म्हणाली.

"कसला?"

"सांगता येत नाही. पूर्वीचा तुझा नाही. तो मला आठवतो, तो हा नाही." परत एकदा घेतला. "पण वाईट नाहीये, श्री. नवीन आहे. ओळख व्हायला वेळ लागेल."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

बऱ्याच वेळाने तिने वहीत ९ लिहिलं. मग म्हणाली, "तो फ्लॅट बघून आले ना, तो तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. पायऱ्या मोजल्या मी. सत्तावन्न."

  एडिनबराला उत्तर द्यायला शुक्रवारपर्यंत मुदत आहे. एकटीने राहायला निघालेलं माणूस जिन्याच्या पायऱ्या मोजत बसत नाही, असं मी स्वतःला सांगतोय. खाली चहा उकळून भांड्याच्या कडेवर आला होता, त्याचा वास आम्हा दोघांना एकदमच आला.